हाताचे शिक्षण आणि हाताची मजुरी



शिक्षणशास्त्रावर बोलावयाचा अधिकार माझ्यापाशी नाही, हे आधीच कबूल करतो. माझी शाळा सातवीच्या आतच सुटली. पुढचे आयुष्य कामगारांच्या सभा, कराराचे मसुदे आणि कामगार न्यायालयाचे व्हरांडे यांत गेले. तरीही आज मी शिक्षणाचाच विषय घेतला आहे, त्याला कारण आहे.

हल्ली शाळाशाळांतून ‘कृतीतून शिक्षण’ हा मंत्र कानी पडतो. मुलाने नुसते ऐकू नये, हाताने करून पाहावे, म्हणजे ते त्याला खरे उमजते. मंत्र खोटा नाही. परंतु उभा जन्म ज्याने हाताने राबणाऱ्यांत घालविला, त्याच्या मनात एक प्रश्न येतोच. नुसते हाताने केल्याने शिक्षण होत असते, तर आमचा कामगार या देशात सर्वांत शिकलेला ठरला असता. तो तसा का ठरला नाही? या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि तोच इतिहास आज थोडक्यात सांगावयाचा आहे.

आपल्याकडील पहिला फॅक्टरी कायदा १८८१ सालचा. त्याने सात वर्षांखालील मुलाला कारखान्यात घेण्यास मनाई केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलाचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. म्हणजे सात वर्षांच्या पोराने नऊ तास राबणे, ही त्या काळची सुधारणा होती! १८९१ साली वयाची अट नऊ वर्षांवर गेली आणि तास सात झाले. १९२२ साली वय बारा आणि तास सहा झाले. या मुलांचे हात दिवसभर चालत होते. पण एकच हालचाल हजार वेळा करावयाची, ती का करावयाची हे विचारावयाचे नाही आणि चुकले तर मार खावयाचा, अशी ती कृती होती. कृती होती, शिक्षण नव्हते. जोतीराव फुल्यांनी १८५५ साली पुण्यात आपल्या घरी श्रमिकांसाठी रात्रीची शाळा काढली, ती हे जाणूनच. दिवसभराच्या राबण्याने माणूस थकतो, पण त्याला अक्षर भेटत नाही.

आता दुसरा धागा पाहू. ६ जानेवारी १९०७ रोजी रोम शहराच्या सान लोरेन्झो या कष्टकऱ्यांच्या वस्तीत डॉ. मारिया मॉण्टेसरी यांनी आपले पहिले बालगृह उघडले. आईबाप कामावर जात, मुले चाळीत मोकाट राहात आणि जिने-भिंती खराब करीत. घरमालकांना भिंतींची काळजी होती, म्हणून त्यांनी एक खोली दिली. बाईंनी मुलांच्या हाती ठोकळे, दट्ट्या, खरबरीत अक्षरे दिली, आणि ज्यांना कोणी जमेस धरीत नव्हते ती मुले आपली आपण शिकू लागली. कृतीतून शिक्षणाची ही मोठी वाट कामगारांच्या चाळीतून निघाली, हे आपण विसरतो.

ही वाट हिंदुस्थानात आणली गिजुभाई बधेका यांनी. १९२० साली त्यांनी भावनगरला बालमंदिर सुरू केले. ताराबाई मोडक त्यांना जाऊन मिळाल्या, आणि १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. काम उत्तम होते, पण साहित्य महाग पडे. त्यामुळे अशा शाळा शहरांत आणि सुस्थितीतल्या घरांसाठीच निघू लागल्या. चाळीतून निघालेली वाट बंगल्याच्या आवारात शिरली.

१९३७ साली हा प्रश्न वेगळ्या अंगाने पुढे आला. २२ व २३ ऑक्टोबरला वर्धा येथे महात्माजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या उत्पादक हस्तव्यवसायाच्या आधाराने द्यावे, असे ठरले. डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने जे वेळापत्रक आखले, त्यात दिवसाच्या साडेपाच तासांपैकी तीन तास वीस मिनिटे मूळ उद्योगाला होती. मुलांनी केलेल्या वस्तूंतून शिक्षकाचा पगार हळूहळू निघावा, अशीही अपेक्षा होती.

येथेच वाद पेटला. प्रा. के. टी. शहा यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी आक्षेप घेतला की, ही मुलांची मजुरी होईल आणि शाळेतला स्वस्त माल गरीब कारागिराच्या पोटावर पाय आणील. मी कामगार चळवळीतला माणूस. हा आक्षेप मला आजही वजनदार वाटतो. विशेष हे की, झाकीर हुसेन समितीनेही हा धोका ओळखला होता. पैशाची बाजू वरचढ झाली तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढण्याच्या मागे लागतील आणि शिक्षण बाजूला पडेल, असा इशारा तिच्या अहवालातच आहे. शाळेत चरखा आला यात वाईट काही नाही. सूत किती निघाले हे मोजावयाचे, की सूत काढताना मुलाला काय कळले हे पाहावयाचे, एवढाच प्रश्न होता.

या प्रश्नाला मला पटणारे उत्तर मिळाले ते डहाणू तालुक्यात. तो मुलूख तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये आहे. १९४५ हे साल ध्यानी ठेवा. त्या वर्षी मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद झाली, आणि शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठबिगार व लग्नगडी या गुलामीविरुद्ध लढा उभा राहिला. ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार होऊन पाच वारली मेले. त्याच वर्षी, त्याच टापूत, बोर्डीला ताराबाई मोडक यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत होत्या बालवयात वैधव्य आलेल्या अनुताई वाघ. या दोन कामांचे झेंडे वेगळे होते. परंतु एकाने वारल्याचा हात वेठीतून सोडविला आणि दुसऱ्याने त्याच्या मुलाचा हात शिक्षणाला लावला, असे मला वाटते.

१९५७ साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेथे अडचण अशी की, मूल शाळेत आले तर गुरे कोण राखणार? मोठी बहीण आली तर कडेवरचे भावंड कोण सांभाळणार? एखाद्याने आईबापांना अडाणी म्हणून सोडून दिले असते. या दोघींनी शाळाच हलविली. बाळांसाठी पाळणाघर, लहानांसाठी बालवाडी आणि मोठ्यांसाठी प्राथमिक शाळा अशी एकत्र विकासवाडी केली. पाड्यावर घराच्या अंगणात अंगणवाडी भरविली. गुरे राखणाऱ्यांसाठी शिक्षकच कुरणावर गेले, तीच कुरणशाळा. महागड्या साहित्याच्या जागी खडे, बिया, शिंपले, पाने आली. मुलाने मोजलेल्या बिया कोणाच्या वखारीत जात नव्हत्या. मोजणे संपले की, मुलाच्या पदरी मोजणीच उरे.

शिक्षण आणि मजुरी यांतला भेद मला येथे कळला. कृतीचे फळ ज्याच्या हातात राहते, त्याचे शिक्षण होते. फळ दुसऱ्याकडे जाते, तेव्हा तिला मजुरी म्हणतात.

हे मी अनुभवाने बोलतो. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. वडील साच्यावर होते. घरातला पैसा संपला आणि मी चहाच्या हॉटेलात कपबशा विसळू लागलो. दिवसाला शेकडो कप हातांखालून जात, पण त्यांतून मी गणित शिकलो नाही. गणित शिकलो ते पुढे युनियनच्या अभ्यासवर्गात, स्वतःच्या पगाराच्या स्लिपवर. आज मीही वर्ग घेतो तो तसाच. प्रत्येकाने आपली स्लिप आणावयाची, मूळ पगार आणि महागाई भत्ता यांची बेरीज करावयाची, तिचे बारा टक्के काढून भविष्यनिर्वाह निधीची कपात ताडून पाहावयाची. एका वर्गात कंत्राटावर काम करणारी एक बाई कॅलेंडर घेऊन आली. रोजच्या हजेरीला ती त्यावर एक टिकली चिकटवीत असे. टिकल्या निघाल्या सव्वीस, स्लिपवर दिवस होते तेवीस. त्या दिवशी तिला वजाबाकी आली, आणि कोणापुढे मान खाली घालू नये हेही आले.

आता कायदा आपल्या बाजूला आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या एकोणतिसाव्या कलमात कृती, शोध आणि चौकशी यांतून शिकण्याचे तत्त्व लिहिले आहे. मात्र २०१६ च्या बालमजुरीच्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलास सर्व धंद्यांत मनाई करतानाच, शाळेची वेळ सोडून घरच्या धंद्यात मदत करण्याची मुभा ठेवली आहे. घरच्या धंद्याच्या नावाखाली बाहेरच्या मालकाचा माल घरात येतो, हे आम्ही विडी आणि जरीच्या कामात पाहिले आहे.

म्हणून आपणांस एकच विनंती. आपल्या मुलाच्या शाळेत ‘कृती’ चालते असे कोणी सांगितले, तर जाऊन पाहा. मुलाचा हात कशात आहे तेवढेच पाहून परतू नका. त्या हाताला ‘का?’ असे विचारण्याची मोकळीक आहे की नाही, हेही पाहा. आणि परत येताना, रस्त्यात जे पोर कपबशा विसळताना दिसेल, त्याची शाळा कोठे भरते, हेही एकदा विचारा.