रुक्मीचं डोकं आणि दोन औषधं

भातकुली हे नाव अमरावतीबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. ज्यांना असतं त्यांना तिथल्या जुन्या जैन मंदिरामुळे. पण पुराणातलं भोजकट ते हेच, असं मानलं जातं, आणि भोजकटाची गोष्ट केसांपासून सुरू होते. (हो, आजचा विषय जरा केसाळ आहे :) सांभाळून घ्या.)

गोष्ट अशी. कृष्णाने रुक्मिणीला कौंडिण्यपूरहून पळवलं तेव्हा तिचा भाऊ रुक्मी चवताळून मागे गेला. कृष्णाला हरवल्याशिवाय कौंडिण्यपुरात पाऊल ठेवणार नाही, अशी प्रतिज्ञा करून गेला. अर्थात हरला. बहिणीने गयावया केली म्हणून जीव वाचला, पण कृष्णाने त्याला बांधलं आणि डोक्याचे अन् मिशीचे केस अर्धेमुर्धे भादरून सोडून दिलं. भागवतात यावर बलराम कृष्णालाच झापतो. सोयऱ्याला असं विद्रूप करणं म्हणजे त्याला मारल्यासारखंच, असं त्याचं म्हणणं. रुक्मी घरी परतलाच नाही. त्याने नवं गाव वसवलं, ते भोजकट. पुढे पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या चम्मकच्या ताम्रपटातही भोजकट राज्याचा उल्लेख येतो. म्हणजे राज्य खरंच होतं. हेअरकटबद्दल ज्याची त्याची श्रद्धा.

पण बलरामाचं वाक्य आजही कुठल्याही आयटी पार्कात लागू पडतं बघा. सत्ताविशीच्या पोराचं कपाळ मागे सरकायला लागलं की तो हळूहळू फोटोत मागच्या रांगेत जातो, टोपी घालायला लागतो आणि घरी स्थळं बघणं सुरू झालं की रात्री दोन वाजता गूगल करतो.

आमच्या वऱ्हाडात याचं एक ठरलेलं कारण आहे. पाणी. भातकुली, दर्यापूरपासून अकोल्यातून पुढे शेगाव, संग्रामपूरपर्यंत पूर्णा नदीच्या खोऱ्यात जो खारपाणपट्टा आहे, तिथलं भूजल खारट आहे. बोअरच्या पाण्याने साबणाला फेस येत नाही, केस राठ होतात, त्यामुळे 'पाण्यानंच टक्कल पडते गा' हे वाक्य कुणीही सहज मानतो. पण साधा विचार करा. अंघोळीचं पाणी कपाळाच्या कोपऱ्यांना जेवढं लागतं तेवढंच कानाच्या वर आणि मानेवर लागतं. मग टक्कल वर पडतं आणि कानाभोवतीची झालर शेवटपर्यंत टिकते, असं का?

२०२४ च्या डिसेंबरअखेर आणि २०२५ च्या जानेवारीत याच पट्ट्यातल्या शेगाव तालुक्यात मात्र वेगळंच घडलं. बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस तीन-चार दिवसांत मुठीमुठीने हातात यायला लागले. त्यात पोरी होत्या, कॉलेजची मुलं होती. पहिला संशय अर्थातच पाण्यावर, मग शाम्पूवर, मग बुरशीवर. आयसीएमआरची टीम आली. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर स्वतः तिथे गेले, नमुने तपासून घेतले आणि त्यांनी बोट ठेवलं रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमवर. त्यांच्या मोजणीत १८ गावांतले २७९ लोक होते. ज्यांनी तो गहू बंद केला त्यांचे केस काही आठवड्यांत परत यायला लागले, असंही त्यांनी सांगितलं. एप्रिलमध्ये त्याच गावांत नखं गळण्याच्या तक्रारी आल्या.

बावस्कर म्हणजे विंचवाच्या दंशावर प्राझोसिन वापरून कोकणातले असंख्य जीव वाचवणारे तेच डॉक्टर. प्राझोसिन हे मुळात ब्लडप्रेशरचं औषध! एका कामासाठी बनवलेलं औषध दुसऱ्याच कामाला येणं, ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण केसांच्या दोन्ही प्रसिद्ध औषधांचा जन्म असाच झालाय.

बोंडगावला जे झालं त्यावर यातलं कुठलंही औषध हा उपाय नव्हता. तिथे कारण काढून टाकायचं होतं. आपलं नेहमीचं पुरुषी टक्कल निराळं. कोवळ्या वयात अंडकोष काढलेल्या पुरुषांना टक्कल पडत नाही, हे हिप्पोक्रेटिसच्या काळापासून माहीत होतं. १९४२ मध्ये जेम्स हॅमिल्टन या अमेरिकन शरीरशास्त्रज्ञाने १०४ अशा पुरुषांचा अभ्यास केला, ज्यांच्यात पुरुषी हॉर्मोन नव्हतं किंवा फार कमी होतं. त्यांचं डोकं भरलेलं. त्यांतल्या काहींना टेस्टोस्टेरॉन दिलं, तर ज्यांच्या घराण्यात टक्कल होतं त्यांना ते पडायला लागलं. म्हणजे हॉर्मोन आणि खानदान दोन्ही लागतात. रोग कळला, पण उपाय? तो करून घ्यायला कोण तयार होणार! विषय ३० वर्षं तिथेच पडून राहिला.

मग आलं मिनॉक्सिडिल. अमेरिकेतली अपजॉन कंपनी पोटातल्या अल्सरवर औषध शोधत होती. अल्सरवर काही झालं नाही, पण ही रसायनं रक्तवाहिन्या जबरदस्त रुंद करतात असं दिसलं. झालं, ब्लडप्रेशरचं औषध म्हणून काम सुरू. कोलोराडो विद्यापीठात रुग्णांवर चाचण्या चालू असताना १९७१ च्या सुमारास एका बाईच्या चेहऱ्यावर केस उगवू लागले. गुंटर कान नावाचा त्वचारोगतज्ज्ञ आणि त्याचा शिकाऊ सहकारी पॉल ग्रँट यांनी ते औषध कालवून स्वतःच्याच अंगाला लावलं. जिथे लावलं तिथे केस! कंपनीने पेटंटचा अर्ज भरला तो कानचं नाव न घालता. बरीच वर्षं भांडण चाललं आणि शेवटी पेटंटवर कानचंही नाव आलं.

गोळी १९७९ मध्ये फक्त हट्टी ब्लडप्रेशरसाठी मंजूर झाली. डोक्याला लावायचं २ टक्क्यांचं द्रावण १९८८ मध्ये. कंपनीला नाव हवं होतं 'रिगेन', म्हणजे गेलेलं परत मिळवा. एफडीए म्हणाली, एवढं आश्वासन नको. म्हणून अमेरिकेत 'रोगेन'.

दुसरं फिनास्टेराइड. याचं मूळ डोमिनिकन रिपब्लिकमधल्या सालिनास नावाच्या खेड्यात. तिथे काही मुलं जन्मतः मुलींसारखी दिसायची, मुली म्हणूनच वाढायची आणि वयात येताना त्यांचं शरीर पुरुषाचं व्हायचं. ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली यांनी १९७४ मध्ये याचं कारण मांडलं. टेस्टोस्टेरॉनचं डीएचटी करणारं एक एन्झाइम त्यांच्यात कमी होतं. मोठेपणी या पुरुषांची प्रोस्टेट ग्रंथी लहानच राहायची आणि टक्कल पडायचं नाही. मर्क कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख रॉय वॅगेलोस यांच्या वाचनात हे आलं. म्हाताऱ्यांच्या वाढलेल्या प्रोस्टेटवर गोळी करता येईल! ५ मिलिग्रॅमची गोळी १९९२ मध्ये आली आणि केसांसाठी १ मिलिग्रॅमची डिसेंबर १९९७ मध्ये.

आता तुलना. आपल्या भाषेत सांगायचं तर मिनॉक्सिडिल आहे परफॉर्मन्स ट्यूनिंग. ते केसाचा वाढीचा काळ लांबवतं, बारीक केस जाड करतं, पण मूळ बगला, म्हणजे डीएचटीला, हात लावत नाही. फिनास्टेराइड त्या बगवर काम करतं. रक्तातलं डीएचटी साधारण ७० टक्क्यांनी खाली आणतं. मर्कच्या १,५५३ पुरुषांवरच्या चाचण्यांत दोन वर्षांनी गोळी घेणाऱ्यांपैकी ८३ टक्के लोकांची केसांची संख्या टिकली किंवा वाढली, नुसत्या खोट्या गोळीवर २८ टक्के. मिनॉक्सिडिलमध्ये ५ टक्क्यांचं द्रावण २ टक्क्यांपेक्षा सरस, ४८ आठवड्यांनी ४५ टक्के जास्त वाढ. दोघांची थेट झुंज? २००२ मध्ये दिल्लीच्या डॉक्टरांनी १०० पुरुषांवरचा वर्षभराचा अभ्यास छापला. दोन्ही एकत्र सगळ्यात वर, एकटं फिनास्टेराइड त्याखाली, एकटं मिनॉक्सिडिल सगळ्यात खाली.

हल्ली मिनॉक्सिडिलची कमी डोसची गोळी पुन्हा चर्चेत आहे. २०२४ मध्ये ब्राझीलमधला अभ्यास आला. रोज ५ मिलिग्रॅमची गोळी विरुद्ध दिवसातून दोनदा लावायचं ५ टक्क्यांचं द्रावण. गोळी सरस ठरली नाही. फक्त चिकचिक वाचते.

दोन्हींचा हिशोब सारखा कडू आहे. परिणाम दिसायला चार-सहा महिने लागतात, मिनॉक्सिडिलवर तर पहिले काही आठवडे केस उलट जास्तच गळतात (इथेच अर्धे लोक सोडून देतात, माझ्या ओळखीतलेच तिघं आहेत). आणि थांबवलं की मिळवलेलं सगळं वर्षभरात परत जातं. ईएमआय समजा, ज्याचा शेवटचा हप्ता नाही.

भारतात हा हप्ता स्वस्त आहे. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या पदार्थाला पेटंट नव्हतं, फक्त बनवण्याच्या पद्धतीला होतं, आणि ते २००५ पर्यंत चाललं. त्यामुळे सिप्लासारख्या कंपन्यांनी फिनास्टेराइड इथे थोडक्या पैशांत विकलं. परदेशातले लोक इंटरनेटवरून आपली 'फिनपेशिया' मागवायचे. स्वस्त असल्याने एक वाईट झालं. ही डॉक्टरच्या चिठ्ठीची औषधं आहेत हे आपण विसरलो. आता मोबाईलवर चार प्रश्नांची उत्तरं दिली की डबा घरपोच.

माझं मत विचाराल तर कुठलं औषध किती भारी, यापेक्षा ते आधी कशासाठी होतं हे विचारावं. साईड इफेक्ट म्हणजे त्या औषधाची जुनी नोकरी. मिनॉक्सिडिलची जुनी नोकरी ब्लडप्रेशरची, म्हणून धडधड, पायाला सूज, चक्कर. गोळीत हे जास्त, लावण्याच्या द्रावणात कमी, तिथे खाज जास्त. हृदयाचा त्रास असणाऱ्याने डॉक्टरला न विचारता हात लावू नये. (घरात मांजर असेल तर बाटली आणि उशी दोन्ही जपा, मांजरांना ते विषारी आहे.) फिनास्टेराइडची जुनी नोकरी पुरुषी हॉर्मोनशी. चाचण्यांत पहिल्या वर्षी ३.८ टक्के पुरुषांना लैंगिक तक्रारी आल्या, खोट्या गोळीवर २.१ टक्के. आकडा लहान आहे, आणि बहुतेकांचं गोळी थांबवल्यावर सुरळीत होतं. पण काहींचं थांबवूनही होत नाही, अशा तक्रारी नोंदल्या गेल्या आहेत आणि मे २०२५ मध्ये युरोपच्या औषध नियामकाने आत्महत्येचे विचार हा फिनास्टेराइडचा दुष्परिणाम असल्याचं मान्य केलं. ज्याला आधी डिप्रेशन येऊन गेलंय त्याने ते डॉक्टरला आधीच सांगायला हवं, आणि मोबाईलवरच्या चार प्रश्नांत तो प्रश्न असतोच असं नाही.

तिसरा भाऊ ड्युटास्टेराइड. हाही मूळचा प्रोस्टेटचा, डीएचटी ९० टक्क्यांहून जास्त खाली आणतो. ९१७ पुरुषांच्या २०१४ मधल्या अभ्यासात २४ आठवड्यांनी केसांच्या मोजणीत फिनास्टेराइडच्या पुढे गेला. टकलासाठी दक्षिण कोरियाने २००९ मध्ये आणि जपानने २०१५ मध्ये त्याला परवानगी दिली, अमेरिकेने मात्र दिलेली नाही. फरक असा की फिनास्टेराइड रक्तातून एक-दोन दिवसांत निघून जातं, तर ड्युटास्टेराइड अर्धं व्हायलाच सुमारे पाच आठवडे घेतं. त्रास झाला तर लगेच सुटका नाही. ऑफिसच्या रक्तदान शिबिरात फॉर्म भरताना हे नक्की सांगा. फिनास्टेराइड बंद केल्यावर एक महिना आणि ड्युटास्टेराइड बंद केल्यावर सहा महिने रक्त द्यायचं नाही, कारण ती बाटली एखाद्या गरोदर बाईला चढली आणि पोटातलं बाळ मुलगा असेल, तर त्याची जननेंद्रियं नीट घडत नाहीत.