मुद्दलाला हात न लावणारे रान

“बँकेतल्या माणसाला रानातले काय कळणार?” असे आमच्या सौ.चे मत आहे. खरेच आहे म्हणा. वड-पिंपळापुढे माझी कुठल्या झाडाशी ओळख नाही. पण इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या ब्रॅडफिल्ड वुड्सची हकिगत वाचली आणि मी टुणकन उडालो. हे रान कसले, ही तर चक्क मुदत ठेव!

हे रान होते बरी सेंट एडमंड्सच्या मठाचे. मठातले साधू देवभोळे असतील, पण हिशेबाला पक्के. इथल्या तोडीची नोंद १२५२ पासून सापडते. पद्धत सोपी. हेझल, अ‍ॅश ही झाडे बुंध्याशी तोडायची. खुंट मरत नाही; उसाच्या खोडव्यासारखा पुन्हा फुटतो. रानाचे तुकडे पाडून दरवर्षी एकेकाची पाळी लावायची. शेवटचा तुटेतो पहिला तयार! म्हणजे व्याज खायचे, मुद्दलाला हात नाही. न तोडलेला अ‍ॅश दोन-अडीचशे वर्षांत आटोपतो. इथला एक तोडून तोडून हजारीच्या घरात गेल्याचे मानतात.

तोडलेल्या जागी ऊन पोचते, वसंतात फुले उसळतात. पुढे झुडूप दाटले की त्यात डॉरमाउस नावाचा सोनेरी उंदीरमामा राहतो. स्वारी ऑक्टोबर ते एप्रिल झोपते. अशी रजा कुठल्या सर्व्हिस रूलात बसते ते मी शोधले. नाही सापडली.

१५३९ मध्ये आठव्या हेन्रीने मठ बुडवला, रान मात्र राहिले. कारण ते कामाचे होते. सरपण, कुंपणाच्या काठ्या, शेजारच्या कारखान्यातल्या दाताळ्यांचे दांडे, सगळे इथलेच. १९६० नंतरच्या दशकात मात्र काहींनी नांगरासाठी ठेव मुदतीपूर्वीच मोडली. बराच भाग मुळासकट उपटला गेला. उरलेला निसर्गप्रेमींनी धावपळ करून वाचवला. आज सफोक वाइल्डलाइफ ट्रस्ट तो सांभाळते.

आता हरणे कोवळे फुटवे खातात. शिवाय २०१२ पासून ब्रिटनभर अ‍ॅशला बुरशीचा रोग लागला आहे. म्हणजे थेट मुद्दलावरच घाला!

तरी दर हिवाळ्यात तिथे कोणीतरी करवत घेऊन जातो आणि पंधरा-वीस वर्षांनी येणाऱ्यासाठी खुंट राखून येतो. तो येणारा कोण, त्याला ठाऊक नसते. वारसदाराचे नाव न भरताही चाललेले असे खाते मी नोकरीत दुसरे पाहिले नाही.