तालीम बदलायची म्हंजे काय?

शनिवारची सकाळ. रिलीज नाही, कॉल नाही. इंदिरानगरच्या एका मैदानाच्या कडेला मी नेहमीसारखा कटिंग घेऊन उभा होतो आणि समोर चिरंजीव बॉलच्या मागे धावत होते. वरवर पाहता सगळं छान. आत मात्र आठवडाभर एक प्रश्न अडकला होता, प्रॉडक्शनमधल्या न सापडणाऱ्या बगसारखा.

झालंय असं. मुलगा आता बारावं लागेल. गेली तीन वर्षं तो एका छोट्या क्लबात खेळतोय. क्लब म्हणजे काय, तर एक भाड्याचं मैदान, दोन जाळ्या, बॉलचं एक पोतं आणि आमचे सर. सर सातपूरला एका कंपनीत नोकरी करतात आणि शिफ्ट सांभाळून पोरांना शिकवतात. गंगापूर रोडला एक मोठी अॅकॅडमी निघाली आहे. तिथे कृत्रिम हिरवळ आहे, लायसन्सवाले कोच आहेत, मॅचचं व्हिडिओ शूटिंगसुद्धा होतं. तिथल्या ट्रायलमध्ये आमच्यासकट चार पोरं निवडली गेली. चौघं गेले तर सरांची बारा वर्षांखालची टीम संपली, कारण मुळात पोरं आहेत तेरा.

पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर महाभारत सुरू झालं. एका बाजूने, "तीन वर्षं ज्यांनी घडवलं त्यांना असं सोडायचं?" दुसऱ्या बाजूने, "फी भरतो आपण, उपकार नाही करत कोणी." मी घरी मोठ्या गंभीरपणे निष्ठेवर बोलायला लागलो, तेव्हा बायको शांतपणे म्हणाली, "दर दोन वर्षांनी कंपनी कोण बदलतं रे?" विषय संपला :)

मग माझी सवय. उत्तर सापडलं नाही की मी इतिहासात शिरतो. आणि महाराष्ट्रात फुटबॉल आणि निष्ठा हे दोन शब्द एकत्र आले की जायचं कुठे? कोल्हापूरला.

हॉस्टेलमधल्या कोल्हापूरच्या मित्राला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "अरं भावा, तालीम बदलायची म्हंजे काय? पेठच बदलाय लागतीय की!"

हे वाक्य नीट समजून घेण्यासारखं आहे. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावं बघा: पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ. फुटबॉलच्या संघाला 'तालीम' का म्हणायचं? कारण मुळात त्या कुस्तीच्या तालमी. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचं मैदान उभं राहिलं, आणि पेठेपेठेतली तालीम हे तिथल्या पोरांचं दुसरं घर झालं. पुढे फुटबॉल आला तेव्हा त्याला वेगळा क्लब काढावा लागला नाही, तो तालमीतच शिरला. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन स्थापन झाली. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं, राजाश्रय गेला, पण सामने राहिले. आजही शाहू स्टेडियमवर मोठी मॅच असली की गर्दी बघून परगावचा माणूस चक्रावतो. बाकीच्या महाराष्ट्रात अशी गर्दी क्रिकेटसाठी जमते.

आता मुद्दा असा की कोल्हापूरच्या घराने तालमीशी निष्ठा 'ठेवायची' असं काही नव्हतंच. तालीम म्हणजेच पेठ. तिथेच गणपती, तिथेच लग्नाला मांडव घालायला येणारी पोरं, तिथेच आजोबांच्या खांद्याला शेवटी खांदा देणारी माणसं. फुटबॉल हा त्या देवाणघेवाणीतला एक धागा. तालमीकडून घराला इतकं काही मिळत होतं की पोरगं कुठे खेळणार हा प्रश्न कोणी विचारलाच नसावा.

आणि तरी तिथेही काळ थांबलेला नाही. आता हंगामाआधी खेळाडूंची नोंदणी होते, खेळाडू संघ बदलतात, बाहेरगावचे आणि अगदी नायजेरियाचे खेळाडूही या संघांतून खेळून गेलेत. २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील फुटबॉल विश्वचषक झाला. त्यात भारताच्या संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. तो लहानपणीच घर सोडून पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत गेला होता. कोल्हापूरने त्याला गद्दार म्हटलं का? उलट कौतुकच झालं. म्हणजे ज्या गावात निष्ठा सगळ्यात कडवी, त्या गावालाही कळतं की पोर मोठं व्हायचं तर कधीतरी पेठेबाहेर पडणार.

दुसरं उदाहरण तर आपल्या सगळ्यांच्या देव्हाऱ्यातलं. आचरेकर सर आणि सचिन! गुरुनिष्ठेची गोष्ट सांगायची झाली की मराठी माणूस हीच सांगतो. पण तिची सुरुवात आठवा. आचरेकर सरांनी सल्ला दिला आणि सचिनने वांद्र्याची शाळा सोडून दादरच्या शारदाश्रममध्ये प्रवेश घेतला. प्रवासाची दगदग नको म्हणून शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहायला गेला. म्हणजे निष्ठेची ही आदर्श कथा चक्क शाळा बदलण्यापासून सुरू होते. जुन्या शाळेच्या क्रिकेटच्या सरांना, असतील तर, काय वाटलं असेल हे आपण कधी विचारत नाही.

आपल्या नाशिकचं बघा. सावरपाड्याची कविता राऊत २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि त्याच वर्षी ग्वांगझू एशियाडमध्ये सिल्व्हर घेऊन आली. त्या यशामागे कुठल्या क्लबचं नाव कोणाला आठवत नाही, आठवतात ते प्रशिक्षक विजेंदर सिंग. नाशिकची निष्ठा पेठेशी नाही, माणसाशी असते. म्हणूनच ती जास्त दुखते. पेठेला वाईट वाटत नाही, माणसाला वाटतं.

बरं, जगाने हा प्रश्न कसा सोडवला? इंग्लंडमध्ये जुन्या काळी करार संपला तरी क्लब खेळाडूची नोंदणी अडवून ठेवू शकायचा. जॉर्ज ईस्टहॅम नावाच्या खेळाडूला न्यूकॅसल क्लब सोडेना. तो सरळ खेळणं बंद करून बसला, प्रकरण कोर्टात गेलं आणि १९६३ मध्ये कोर्टाने सांगितलं की असं अडवणं अन्यायाचं आहे. पुढे बेल्जियमचा बोसमन लढला आणि १९९५ मध्ये युरोपच्या न्यायालयाने ठरवलं की करार संपला की खेळाडू मोकळा. आपल्याकडच्या सर्व्हिस बॉन्डवाल्या कंपन्यांनी हा निकाल फ्रेम करून लावावा असा आहे.

पण मग छोट्या क्लबांचं काय? ज्यांनी दहा वर्षांच्या पोराला बॉल कसा थांबवायचा हे शिकवलं, त्यांनी हात चोळत बसायचं? इथे २००१ मध्ये फिफाने एक शहाणपणाचं पाऊल उचललं. खेळाडूची आंतरराष्ट्रीय बदली पैसे देऊन झाली, तर त्यातले ५ टक्के १२ ते २३ वर्षांच्या काळात ज्या ज्या क्लबांनी त्याला घडवलं त्यांच्यात वाटायचे. १२ ते १५ या वयातल्या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का, पुढच्या वर्षांसाठी अर्धा. हिशोब करा, एक कोटीची बदली असेल तर एका वर्षाचे पंचवीस हजार. आमच्या सरांचं जाळ्यांचं आणि बॉलचं बजेट त्यात सुटेल.

मला यातला विचार आवडला. कर्ज मान्य करायचं, पण ते पोराच्या पायात बेडी घालून वसूल करायचं नाही. क्लबचं देणं पैशाने, कागदाने, मोठ्यांनी फेडायचं.

अर्थात आमचा चिरंजीव काही कोटीला विकला जाणार नाही. (आईला वाटतं जाईल. असो.) शिवाय नियमाप्रमाणे मोजणी सुरू होते बाराव्या वर्षापासून, आणि सरांनी शिकवलं त्याच्या आधी. म्हणजे सरांसारख्यांचं देणं कुठल्याच नियमात बसत नाही. ते आपल्यावरच राहतं.

म्हणून मी माझ्यापुरतं असं ठरवलं. पोराने जावं. बारा वर्षांच्या मुलाकडून निष्ठा मागणं म्हणजे मोठ्यांनी आपलं कर्ज त्याच्या नावावर चढवणं. पण जाण्याची रीत असते. चालू हंगाम पूर्ण करायचा, मधेच टीम तोडायची नाही. आपण कंपनी सोडताना नोटीस पिरियड देतो, हँडओव्हर करतो, ते इथे का नको? दुसरं, हे ग्रुपवर मेसेज टाकून नाही, समोर जाऊन सांगायचं. आणि तिसरं, घराची निष्ठा पोराबरोबर संपत नाही. सरांचं नोंदणीचं, फीचं, स्पर्धांच्या फॉर्मचं काम वहीत चालतं. ते मी करून देऊ शकतो. इतकी वर्षं क्लायंटसाठी डॅशबोर्ड बनवले, एक सरांसाठी.

कालच सरांशी बोललो. मुलगाही बरोबर होता, मान खाली घालून. सर थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "बाकीच्या तिघांच्या घरून अजून कोणी बोललं नाही. मैदानावर मुलांकडूनच कळलं." एवढंच. मग पोराला म्हणाले, "हंगाम होईपर्यंत लेफ्टने पास द्यायला शीक, तिकडे कोणी थांबणार नाही तुझ्यासाठी."

त्या वाक्यात राग होता की काळजी, मला अजून कळलेलं नाही. बहुतेक दोन्ही. उरलेल्या तीन घरांना आज संध्याकाळी फोन करतोय.