पोर्तुगीजांच्या आधीचे ख्रिस्ती

महाराष्ट्रात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या तोफांबरोबर आला आणि इंग्रजांच्या आश्रयाने वाढला, हे मत आज जवळजवळ गृहीत धरले जाते. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे ते सहज पटते. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, चांदा, म्हणजे आजचे चंद्रपूर, इंग्रजांकडे गेला, आणि त्यानंतर इथे स्कॉटिश एपिस्कोपल चर्चचे मिशन आले. आधी राज्य, मग चर्च. कोकणाचा दाखलाही याच बाजूचा: १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली, १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन बसले. हे सारे खरे आहे. यातले एक अक्षरही मला नाकारायचे नाही.

पण यावरून सिद्ध काय होते? राजसत्तेच्या बळावर हा धर्म फोफावला, एवढेच. तो प्रथम कधी आला, हा प्रश्न वेगळा आहे.

सहाव्या शतकात अलेक्झांड्रियाचा कॉस्मस, आधी व्यापारी आणि पुढे संन्यासी, आपल्या ग्रंथात नोंदवतो की ‘कल्लियाना’ येथे बिशप आहे आणि त्याची नेमणूक इराणातून होते. हे आपले कल्याण. यावर काही अभ्यासकांचा आक्षेप असा, की ते केरळातले कोल्लम असावे. आक्षेप गंभीर आहे. पण कॉस्मसनेच तो खोडून ठेवला आहे. मिरीच्या मलबार किनाऱ्याची पाच बंदरे तो वेगळी मोजतो; कल्लियाना त्यांत नाही. तिथला माल तो सांगतो तो तांबे, लाकूड आणि कापड. कोल्लमच्या बंदराचे वर्णन करावे आणि मिरीचे नावही घेऊ नये, हे संभवते का? शिवाय पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत हेच बंदर सोपाऱ्याच्या जोडीने येते, आणि कल्याणच्या व्यापाऱ्यांची दाने कान्हेरीच्या शिलालेखांत कोरलेली आहेत.

दुसरा मुद्दा सत्तेचा. रोमन साम्राज्यात या धर्माला उघड मान्यता मिळाली ती ३१३ मध्ये. त्याच्या दोनशे वर्षे आधीच, इ. स. ११२ च्या सुमारास, बिथिनियाचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्रेजनला कळवतो की ही श्रद्धा शहरांतून खेड्यांपर्यंत पसरली आहे. आणि तो स्वतः तर या लोकांना मृत्युदंड देत होता! ज्या इराणी चर्चने कल्याणला बिशप दिला, त्याचा चौथ्या शतकात शापूर दुसरा याने अतोनात छळ केला. अशा चर्चच्या मागे सिंहासन कुठले? भद्रावतीच्या विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत. बुद्धाचा विचार तिथवर तलवारीने पोचला असे कोणी म्हणत नाही. तो व्यापारी मार्गांनी, भिक्षूंच्या पायांनी आला हे आपण मान्य करतो. मग तोच न्याय कल्याणच्या बंदराला का नको?

माझ्या बाजूचे लोक इथे एक कच्चा पुरावा पुढे करतात, तोही बाजूला ठेवतो. दुसऱ्या शतकातला पँटिनस ‘इंडिया’त आला आणि बार्थोलोम्यूने मागे ठेवलेले शुभवर्तमान त्याला सापडले, ही कथा युसेबियस सांगतो. त्या काळी हे नाव अरबस्तानापासून इथिओपियापर्यंत कुठेही लावले जाई. त्यावर इमारत उभी करू नये. वसईचे आजचे ख्रिस्ती थेट त्या प्राचीन मंडळींचे वंशज आहेत, असाही माझा दावा नाही.

त्याची गरजही नाही. चौदाव्या शतकात ठाण्याला आलेला ओदोरिक तिथे नेस्टोरियन, म्हणजे त्याच इराणी चर्चच्या परंपरेतल्या, ख्रिस्त्यांची पंधरा घरे असल्याचे लिहितो. पंधराच ना, असे कोणी म्हणेल. पण वाद संख्येचा नाही, काळाचा आहे. ठाण्यातल्या अशाच एका ख्रिस्ती घरात चार फ्रान्सिस्कन उतरले आणि १३२१ मध्ये त्याच गावी मारले गेले. वास्को द गामा कालिकतला पोचायला तेव्हा १७७ वर्षे बाकी होती.