इंजिन कुणाचे? हौशी गेमनिर्मितीच्या ५० वर्षांचा धागा

१/ ‘आपणही एखादा गेम करून पाहावा’ असे वाटणाऱ्या नवशिक्याला आज ‘गोदो’ हे मुक्तस्रोत गेम इंजिन हमखास सुचवले जाते. ते विनामूल्य आहे, हे कारण सर्वांत आधी पुढे येते. इतिहासाच्या अंगाने पाहिले, तर त्याहून मोठे कारण हाती लागते. 🧵

२/ १९७३ साली डेव्हिड आल यांनी बेसिक भाषेतील गेमचा संग्रह पुस्तकरूपाने आणला. १९७८ च्या आवृत्तीनंतर त्याचा खप १० लाखांवर गेला. पुस्तकात गेमची संपूर्ण आज्ञावली छापलेली असे. वाचकाने ती ओळीमागून ओळ टंकायची, एखादा आकडा बदलायचा आणि काय घडते ते पाहायचे. खेळणारा आणि घडवणारा यांच्यात तेव्हा फारसे अंतर नव्हते.

३/ पुढे गेमचा व्यवसाय वाढला. ग्राहकाच्या हाती केवळ यंत्राला कळणारी फाइल येऊ लागली. माणसाला वाचता येईल अशी मूळ आज्ञावली कंपनीकडेच राहिली.

४/ डिसेंबर १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरचा ‘डूम’ आला. त्यात दृश्य रेखाटणे, धडक ओळखणे ही कामे एका भागाकडे होती, तर नकाशे, चित्रे, ध्वनी वेगळ्या फायलींत होते. त्या पहिल्या भागाला ‘इंजिन’ म्हणण्याची रीत याच काळात रुळली. फायली वेगळ्या असल्याने हौशी मंडळी स्वतःचे नकाशे रचू लागली. डिसेंबर १९९७ मध्ये कंपनीने इंजिनाची मूळ आज्ञावलीही खुली केली.

५/ तोवर ‘डूम’ जुना झाला होता. नव्या पिढीची व्यावसायिक इंजिने बंदच होती आणि परवाने महाग. २००९ मध्ये ‘युनिटी’ने विनामूल्य आवृत्ती दिली आणि हौशींसाठी वाट मोकळी झाली. अटी ठरवण्याचा अधिकार मात्र कंपनीकडे राहिला.

६/ इकडे अर्जेंटिनात हुआन लिनिएत्स्की आणि आरिएल मान्झुर यांनी व्यावसायिक कामांसाठी एक इंजिन घडवले होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये त्यांनी ते एमआयटी परवान्याखाली खुले केले. नाव बेकेटच्या नाटकावरून. ज्याची वाट पाहावी आणि जे कधीच पूर्णत्वाला पोहोचू नये, असे हे काम!

७/ हा परवाना सांगतो: वापरा, बदला, विका, मूळ स्वामित्वसूचना आणि परवान्याचा मजकूर तेवढा सोबत ठेवा. उद्या अटी बदलल्या, तरी आज या परवान्याखाली मिळालेली प्रत त्याच अटींवर आपल्याकडे राहते.

८/ याचे महत्त्व सप्टेंबर २०२३ मध्ये उमगले. ठरावीक उत्पन्न आणि इन्स्टॉलची संख्या ओलांडणाऱ्या गेमकडून प्रत्येक नव्या इन्स्टॉलमागे शुल्क घेण्याचे ‘युनिटी’ने जाहीर केले. आधीच प्रकाशित झालेले गेमही त्यात येणार होते. रोष उसळला, अटी सौम्य झाल्या आणि वर्षभराने गेमसाठीचे ते शुल्क रद्दही झाले. नवशिक्याला ते भरावे लागलेच नसते. तरी प्रश्न उरला: वर्षानुवर्षे शिकलेल्या कौशल्याचा पाया दुसऱ्याच्या एका घोषणेने हलू शकतो का?

९/ आपल्या लिपीशीही याचा संबंध आहे. ‘गोदो’च्या ३ मालिकेत देवनागरी जोडाक्षरे नीट जुळत नसत. मार्च २०२३ च्या ४.० आवृत्तीत जटिल लिप्यांची मांडणी करणारी व्यवस्था आली. त्यामागची आज्ञावली आज कुणीही उघडून वाचू शकतो.

१०/ शिकायचे असेल, तर अधिकृत मार्गदर्शिकेतील पहिला द्विमितीय गेम करून पाहावा. खेळाडू, शत्रू, गुणफलक यांची स्वतंत्र दृश्ये रचायची आणि मग ती एका मुख्य दृश्यात जोडायची. गेम चालला, की शत्रूचा वेग बदलून पाहावा. १९७३ चे ते पुस्तक टंकणारे वाचक नेमके हेच करत होते.