चित्रकथा, यंत्रमानवी : कथानक आणि वाचकचर्चा

यंत्रमानव हे मुख्य किंवा महत्त्वाचे पात्र असलेली, अंकामागून अंक चालणारी विज्ञान-चित्रकथा आणि तिच्या कथानकावर वाचकांनी आपसांत केलेला खल, असा दुहेरी विषय या नोंदीत घेतला आहे. ही दोन अंगे एकमेकांपासून सुटी करता येत नाहीत. अशी मालिका एका वाचकाच्या हाती सलग आणि पूर्ण अशी क्वचितच पडते. मधला अंक हुकतो, शेवटचे पान फाटलेले असते, भाषांतरात चार चौकटी गळतात. ही भोके वाचकांनी एकमेकांना विचारून बुजवली आहेत. मराठी वाचकाची या प्रकाराशी ओळख मुख्यतः भाषांतरित आणि हिंदी अंकांतून झाली, त्यामुळे त्याच्या वाट्याला हे बुजवण्याचे काम अधिक आले.

संज्ञा : ‘रोबो’ हा शब्द चेक लेखक कारेल चापेक यांच्या ‘आर. यू. आर.’ (१९२०) या नाटकातून जगभर गेला. तो सुचवला त्यांचे बंधू योसेफ यांनी. चेक भाषेत ‘रोबोता’ म्हणजे वेठ. तेव्हा रोबो म्हणजे वेठबिगार. नाटकातले रोबो लोखंडाचे नाहीत, ते कारखान्यात तयार केलेले सजीव देह आहेत. मराठीने ‘यंत्रमानव’ हा शब्द घेतला तेव्हा त्यातली वेठ गळली आणि ‘मानव’ उरला. मराठी वाचकांच्या वादात ‘हा माणूस की यंत्र?’ हा प्रश्न सतत पुढे येतो, त्याला या शब्दाचीही मदत झाली असावी. राजा भोजाच्या नावावरील ‘समरांगणसूत्रधार’ या ग्रंथात हलणाऱ्या यांत्रिक बाहुल्यांची वर्णने आहेत. त्यांचा या चित्रकथांशी थेट संबंध जोडू नये.

परदेशांतील मालिका : जपानमध्ये ओसामु तेझुका यांची ‘ॲस्ट्रो बॉय’ १९५२ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत रस मॅनिंग यांचा यंत्रमानवांशी लढणारा ‘मॅग्नस’ १९६३ मध्ये आला. ब्रिटनमध्ये १९७७ मध्ये ‘२००० एडी’ हे विज्ञान-चित्रकथांचे साप्ताहिक निघाले.

वाचकचर्चेच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची मालिका मात्र ‘ट्रान्सफॉर्मर्स’. जपानच्या टाकारा कंपनीची रूप बदलणारी खेळणी हॅस्ब्रो या अमेरिकी कंपनीने घेतली आणि त्यांना कथा देण्याचे काम मार्व्हल या प्रकाशनाकडे सोपवले. बहुतेक पात्रांची नावे आणि स्वभाव बॉब ब्युडियान्स्की यांनी लिहून काढले. १९८४ मध्ये फक्त चार अंकांची म्हणून सुरू झालेली ही मालिका १९९१ पर्यंत चालली आणि ८० अंकांवर थांबली. शेवटच्या अंकाच्या मुखपृष्ठावर ‘चार अंकांच्या मालिकेतील ८० वा’ अशा अर्थाची ओळ छापली आहे.

ब्रिटनमध्ये हीच मालिका पुढे साप्ताहिक झाली. महिन्याला एक अमेरिकी अंक आठवड्यांना पुरेना, म्हणून तिथल्या लेखकांनी मधल्या जागेत आपल्या कथा घातल्या. असे ३३२ अंक निघाले. या कथा लिहिणारे सायमन फर्मन पुढे ५६ व्या अंकापासून मूळ अमेरिकी मालिकेचेही लेखक झाले. परिणामी ब्रिटिश वाचकाला ज्या घटना ठाऊक होत्या त्या अमेरिकी वाचकाला ठाऊक नव्हत्या, आणि एकाच लेखकाच्या मनात दोन्ही होत्या. कोणती घटना ‘खरोखर घडली’ हा वाद त्यातून उभा राहिला.

याच मालिकेचा २४ वा अंक (१९८७) इथे मुद्दाम सांगण्यासारखा आहे. ऑटोबॉट यंत्रमानवांचा नायक ऑप्टिमस प्राइम आणि त्याचा शत्रू मेगाट्रॉन युद्धाऐवजी संगणकावरच्या खेळात झुंजतात, आणि हरणाऱ्याने नष्ट व्हायचे असे ठरते. ऑप्टिमस जिंकतो. पण जिंकताना खेळातल्या निरपराध पात्रांचा जीव गेला, हे आपल्या तत्त्वात बसत नाही, असे म्हणून तो स्वतःच हार पत्करतो आणि आपला नाश करून घेतो. ज्या माणसाने तो खेळ बनवला, त्याच्याजवळ ऑप्टिमसचे मन एका फ्लॉपी डिस्कवर साठवलेले राहते. पुढे त्या डिस्कवरून ऑप्टिमस परत उभा करतात, तेव्हा तो स्वतःला खेळातले पात्रच समजत असतो. आधीच्या वर्षीच्या चित्रपटात तोच नायक लढाईत मरतो.

खेळातल्या पात्रांसाठी प्राण देणे हा मूर्खपणा की धर्म? चकतीवरून उठलेला ऑप्टिमस तोच, की त्याची प्रत? वाचक आजही या दोन प्रश्नांवर दोन बाजूंना आहेत. नोंदलेखकाच्या मते पहिल्या प्रश्नाचे उत्तर अंकातच दिलेले आहे. दुसऱ्याचे मालिकेने मोकळे ठेवले आणि तेच योग्य केले.

इंद्रजाल कॉमिक्स : मराठी वाचकापुरते पाहिले तर या विषयाची सुरुवात इथून करावी लागते, आणि या मालिकेची माहिती भरपूर जपली गेल्यामुळे तिला इथे अधिक जागा दिली आहे. टाइम्स ऑफ इंडियाच्या बेनेट, कोलमन आणि कंपनीने मुंबईहून मार्च १९६४ मध्ये ती सुरू केली. इंग्रजीबरोबर मराठी, हिंदी आणि इतर भारतीय भाषांत तिचे अंक निघत. पहिले ३२ अंक केवळ ली फॉक यांच्या ‘फँटम’चे, म्हणजे मराठी वाचकांच्या ‘वेताळा’चे होते. पुढे जादूगार मॅन्ड्रेक, फ्लॅश गॉर्डन, रिप किर्बी, बझ सॉयर हे आले. डिसेंबर १९७६ मध्ये आबिद सुरती यांचा ‘बहादूर’ आला. त्याची चित्रे गोविंद ब्राह्मणिया यांची, आणि मालिकेची कित्येक मुखपृष्ठेही त्यांच्याच कुंचल्यातून उतरली. मासिक म्हणून निघालेली मालिका पाक्षिक आणि नंतर साप्ताहिक झाली. १९९० मध्ये ती बंद पडली.

वेताळाच्या जंगलात यंत्रमानवाला जागा नव्हती. विज्ञानकथा आली ती फ्लॅश गॉर्डन (मूळ प्रारंभ १९३४, चित्रकार ॲलेक्स रेमंड) आणि मॅन्ड्रेक (१९३४) यांच्याबरोबर. मोंगो ग्रह, झारकॉव्हचे अंतराळयान, लाखो ग्रहांचा सम्राट मॅग्नॉन ही नावे मराठी मुलांच्या तोंडी बसली ती या अंकांमुळे. मॅन्ड्रेकचे चित्रकार फिल डेव्हिस १९६४ मध्ये वारले आणि फ्रेड फ्रेडरिक्स यांनी काम हाती घेतले. जुन्या-नव्या चित्रांतला फरक ओळखणारे वाचक अंकावर तारीख नसली तरी कथा कोणत्या काळातली ते सांगतात.

या मालिकेची घडण समजून घेतल्याशिवाय वाचकांची चर्चा समजत नाही. मूळ कथा वर्तमानपत्रात रोज तीन-चार चौकटींच्या पट्टीने येत. दुसऱ्या दिवशीच्या पट्टीत पहिली चौकट आदल्या दिवसाची आठवण देण्यात जाई. पट्ट्या कापून पुस्तकाच्या पानावर लावताना आठवणीच्या चौकटी काढल्या जात, आणि पानांची संख्या ठरलेली असल्याने काही वेळा त्यांच्याबरोबर गोष्टीतल्या चौकटीही जात. एका पानावर माणूस दारात उभा असतो आणि पुढच्या चौकटीत तो यानात बसलेला दिसतो. तो तिथे कसा पोहोचला, हे वाचक आपसांत ठरवत. लांब कथा दोन-तीन अंकांत तोडल्या जात. शिवाय मूळ क्रम पाळला जात नसे, त्यामुळे एखाद्या खलनायकाचा शेवट आधी वाचायला मिळे आणि जन्म नंतर.

नावेही बदलली गेली. मूळ कथेतला ‘बंगाली’ हा प्रदेश भारतीय आवृत्तीत ‘डेंकाली’ झाला, ‘सिंग’ चाच्यांचे ‘सिंगा’ झाले आणि वेताळाच्या बापाचा मारेकरी ‘रामा’ याचा ‘रामालू’ झाला. कारण उघड आहे. इथल्या वाचकाला आपल्याच लोकांची नावे खलनायकांना दिलेली खटकली असती. डेंकाली आशियात की आफ्रिकेत हा वाद मात्र त्यातून सुटला नाही, कारण मूळ लेखकानेच तो प्रदेश आशियाकडून आफ्रिकेकडे सरकवला होता.

चर्चेची ठिकाणे साधी होती : शाळेची मधली सुट्टी, भाड्याने पुस्तके देणारी दुकाने, एसटीची वाट पाहण्याचा वेळ, रद्दीची दुकाने. दाभणाने टाचून, वर जाड पुठ्ठा लावून पंधरा-वीस अंकांचा एक गठ्ठा करण्याची पद्धत होती. अशा गठ्ठ्यात पिना गंजलेल्या, पहिल्या पानावर दोन-तीन मालकांची नावे आणि कडेला पेन्सिलने लिहिलेला अंकांचा क्रम सापडतो. तो पेन्सिलीतला क्रम म्हणजे या विषयावरचे मराठी वाचकाचे पहिले लेखन, असे नोंदलेखक मानतो. ग्रंथालयांनी हे गठ्ठे ‘बालवाङ्मय’ म्हणून काढून टाकले, हे मोठे नुकसान झाले.

हिंदी मालिका : इंद्रजाल उतरणीला लागली त्या सुमारास दिल्लीच्या राज कॉमिक्सचे अंक महाराष्ट्रात पोचू लागले. नागराज (१९८६), सुपर कमांडो ध्रुव (१९८७) आणि मुंबईत वावरणारा डोगा (१९९३) यांच्यानंतर आलेला ‘इन्स्पेक्टर स्टील’ हा या नोंदीचा खरा नायक. राजनगरचा पोलीस अधिकारी अमर मरणाच्या दारात असताना त्याचा मेंदू पोलादी देहात बसवला जातो. पोलीस खात्याला तो यंत्र म्हणून मिळतो, वाचकाला मात्र आत कोण आहे ते ठाऊक असते.

हे कथानक ‘रोबोकॉप’ (१९८७) या अमेरिकी चित्रपटाशी मिळतेजुळते आहे, यावर वाचकांत दुमत नाही. पुढे काय, यावर आहे. एक पक्ष याला उचल म्हणतो. दुसरा पक्ष दाखवतो की इथला नायक ध्रुवच्याच शहरात राहतो, दोघांची गाठ पडते, आणि एकट्या चित्रपटाला न मिळणारी वर्षानुवर्षांची वाढ त्याला मिळते. नोंदलेखक दुसऱ्या पक्षाचा आहे. मालिकेतल्या नायकाला रोज उठून ड्युटीवर जावे लागते, आणि पोलादी देहात अडकलेल्या माणसाचे दुःख त्या रोजच्या हजेरीतच नीट दिसते.

डायमंड कॉमिक्सचे चाचा चौधरी आणि गुरू ग्रहावरचा साबू मराठीतही वाचले गेले. त्यांत यंत्रमानव प्रासंगिक आहेत.

मराठी विज्ञानकथेशी नाते : चित्रकथा नसली तरी जयंत नारळीकर (१९३८–२०२५) यांची ‘वामन परत न आला’ ही कादंबरी इथे गाळता येत नाही. कर्नाटकातील गौरीबिदनूर परिसरात खोदकामात एक घनाकृती पेटी मिळते. तिच्यात लोप पावलेल्या प्रगत संस्कृतीचे ज्ञान साठवलेले असते आणि त्यावरून ‘वामन’ हा यंत्रमानव तयार होतो. त्या जुन्या संस्कृतीचा घात कशाने झाला, हे शास्त्रज्ञांना उशिरा कळते. तीन पावलांत सर्वस्व मागणाऱ्या बटूची कथा ठाऊक असलेल्या वाचकाला नावातच इशारा मिळतो. चित्रकथा वाचून वाढलेल्या मुलाला ‘यंत्राला स्वतःची प्रत काढू द्यावी का?’ हा प्रश्न मराठीत भेटला तो इथे. नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही पहिली कथा ‘नारायण विनायक जगताप’ या टोपणनावाने पाठवली होती.

दूरचित्रवाणी : २००५ पासून हिंदीत दिसू लागलेला ‘डोरेमॉन’ हा बाविसाव्या शतकातून आलेला मांजररूपी यंत्रमानव मूळचा चित्रकथेतला. फुजिको एफ. फुजिओ यांनी तो जपानच्या शालेय इयत्तावार मासिकांतून लिहिला. मुले वरच्या वर्गात गेली की वाचक बदलत, म्हणून १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी मालिकेला एकाहून अधिक वेळा ‘शेवट’ लिहिला आणि पुन्हा सुरुवात केली. १९९६ मध्ये ते वारले तेव्हा अखेरचा शेवट लिहिलेला नव्हता. बॅटरी संपून डोरेमॉन निपचित पडतो आणि नोबिता मोठेपणी अभियंता होऊन त्याला जागे करतो, ही महाराष्ट्रातल्या मुलांनीही ऐकलेली गोष्ट मूळ लेखकाची नाही, चाहत्यांची आहे. जपानमध्ये एका चाहत्याने ती पुस्तकरूपात विकली तेव्हा प्रकाशकाने हरकत घेतली.

खानदेश : हिंदी अंक मराठी वाचकाला कसे जवळचे झाले, याचे एक उदाहरण खानदेशात दिसते. तिथला नंदुरबार जिल्हा गुजरात आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांना लागून आहे. शहादे तालुक्यातल्या पुरुषोत्तमनगरसारख्या साखर कारखान्याच्या वसाहतीत मराठी, अहिराणी, गुजरी आणि भिली बोलींबरोबर हिंदी कानावर असते, त्यामुळे हिंदी अंक वाचायला भाषेचा अडसर नाही.

अंकांची क्रमनिश्चिती : इंद्रजालच्या मूळ मालिकेचे ८०३ अंक निघाले, त्यांत निम्म्याहून अधिक वेताळाचे. सुरुवातीला सलग क्रमांक होते, नंतर खंड आणि अंक अशी पद्धत आली. त्यामुळे दोन गठ्ठे जुळवताना घोटाळा होतो. ज्यांच्या घरी माळ्यावर मराठी अंक असतील त्यांनी ते रद्दीत घालण्याआधी क्रमांक, नाव आणि पानांची संख्या तरी उतरवून ठेवावी. संग्रह लावताना १२३ आणि १२४ हे क्रमांक शोधत बसू नये. कामगारांच्या संपामुळे ते दोन अंक निघालेच नाहीत.