पावती फाडण्याआधी...

या शनिवारचा विषय जरा रुक्ष आहे, आधीच सांगून ठेवतो. पण ज्याच्याकडे गाडी आहे त्याला तो कधी ना कधी लागणारच. प्रश्न साधा आहे: वाहतुकीचा दंड चुकीचा लागला, तर अपील कसं करायचं?

आमच्या शिरपूरकडे हा प्रश्न कुणाला विचारलात तर उत्तर ठरलेलं. "भरी टाक ना भो!" आणि यात त्या माणसाचं काही चुकत नाही. मुंबई-आग्रा रस्त्यावरचं गाव, गाड्यांची ये-जा बारमाही. पुण्या-मुंबईत नोकरी करणारी आमच्यासारखी पोरं दिवाळीला गावी जाऊन येतात आणि नंतर कधीतरी मोबाईलवर मेसेज येऊन पडतो. पाचशे रुपयांसाठी रजा कोण टाकणार? भरले, विषय संपला.

विषय खरंच संपतो, आणि गोम नेमकी इथेच आहे. अपील म्हणजे एकाने दिलेल्या निकालावर दुसऱ्याकडे दाद मागणं. पण ई-चलन आलं तेव्हा निकाल कुणी दिला? कुणीच नाही. चलन हा फक्त आरोप असतो. गंमत म्हणजे मराठीत आपण त्याला 'पावती फाडली' म्हणतो. पावती पैसे दिल्यावर मिळते! म्हणजे आरोप झाल्याक्षणीच आपण बोलण्यातून तो मान्य करून टाकलेला असतो.

ही सवय आली कुठून हे बघायला थोडं मागे जाऊ.

१९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. शिरपूर तालुका पश्चिम खानदेशात आला, मुख्य ठाणं धुळे. त्या काळी तालुक्यातले किरकोळ गुन्हे सहसा मामलेदारच चालवी. सारा वसूल करणारा तोच आणि दंड ठोठावणाराही तोच. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे दुसऱ्या-तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटवर अपील जायचं जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे, म्हणजे पुन्हा कलेक्टरसाहेबांकडेच. कारकुनाची तक्रार त्याच्याच साहेबाकडे, तसा प्रकार. मुंबई राज्याने १९५१ मध्ये खास कायदा करून न्यायाचं काम महसूल खात्यापासून वेगळं काढलं. १९७४ पासून नव्या संहितेने देशभर तीच घडी बसवली.

न्यायाधीश वेगळा झाला खरा, पण १८९८ च्या त्या संहितेतल्या दोन गोष्टी टिकून राहिल्या.

पहिली: तुम्ही गुन्हा कबूल केलात तर दोषी ठरवण्यावर अपील नाही. शिक्षा जादा झाली किंवा बेकायदा झाली, एवढ्यावरच भांडता येतं.

दुसरी: संक्षिप्त पद्धतीने चाललेल्या खटल्यात दंड दोनशे रुपयांपर्यंत असेल तर अपीलच नाही. १८९८ मधले दोनशे रुपये म्हणजे केवढी रक्कम, विचार करा. हाच आकडा १९७३ च्या संहितेत आला आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तसाच आहे. प्रोग्रॅमरच्या भाषेत सांगायचं तर कुणीतरी सव्वाशे वर्षांपूर्वी कोडमध्ये एक आकडा लिहून ठेवला आणि नंतर प्रत्येकाने तो कॉपी-पेस्ट केला.

दुसरीकडे कबुली देणं मात्र सोपं होत गेलं. १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात समन्सवरच लिहून यायचं की रजिस्टर पत्राने गुन्हा कबूल करा आणि कोर्ट सांगेल ती रक्कम (तेव्हा कमाल पंचवीस रुपये) पाठवून द्या. १९८८ च्या कायद्यात कलम २०८ मध्ये हीच सोय राहिली. शिवाय कलम २०० खाली कोर्टात न जाताच ठरलेली रक्कम भरून तडजोड करता येऊ लागली. आपण फोनवरून भरतो ती बहुधा हीच तडजोड. ती झाली की खटलाच उरत नाही, मग अपील कशावर करणार? लोकअदालतीतही तेच. १९८७ च्या कायद्याप्रमाणे तिथला निवाडा अंतिम.

आता गंमत बघा. नो-पार्किंगसारख्या किरकोळ गोष्टींना लागणाऱ्या कलम १७७ चा पहिल्या गुन्ह्याचा दंड जास्तीत जास्त शंभर रुपये होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशेपर्यंत गेला (महाराष्ट्रात वाढीव दर डिसेंबर २०२१ पासून). लोकांनी बोंब मारली ती रकमेवर. पण त्याबरोबर एक बंद दार किलकिलं झालं, ते फारसं कुणाच्या लक्षात आलं नाही. कोर्टाने दोनशेच्या वर दंड केला तर सेशन्स कोर्टात अपील करता येतं! शिरपूरच्या माणसासाठी ते धुळ्याला, मुदत तीस दिवस. अट एकच, आधी कबुली दिलेली नसावी.

तर मग करायचं काय? भरण्याआधी फोटो उघडून बघा. नंबर आपलाच आहे का, गाडी तीच आहे का, जागा, वेळ आणि कलम कुठलं. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेल्या नियम १६७-अ ने कॅमेऱ्याच्या चलनासोबत स्पष्ट फोटो, यंत्राचं मोजमाप, तारीख-वेळ-ठिकाण आणि कलम देणं बंधनकारक केलं. गाडी त्या वेळी दुसरीकडे होती? सोनगीरच्या टोलवरची फास्टॅगची नोंद किंवा गॅरेजची पावती जोडा आणि वाहतूक पोलिसांकडे लेखी हरकत नोंदवा, पोर्टलवर किंवा जिल्ह्याच्या वाहतूक शाखेत. पोच घ्या. नोटिशीवरची मुदत मात्र नीट वाचा, हे नियम बदलत असतात. हरकत फेटाळली आणि तुमची बाजू खरी असेल, तर मॅजिस्ट्रेटपुढे 'गुन्हा कबूल नाही' एवढं म्हणता येतं. मग सिद्ध करायचं काम सरकारचं.

हे सगळं दंड चुकवायच्या युक्त्या म्हणून सांगत नाहीये, बरं का. ४ जुलै २०२३ ला आमच्याच तालुक्यात पळासनेरला भरधाव कंटेनर हॉटेलात घुसला आणि निदान दहा माणसं गेली. त्या रस्त्यावर नियम हवेत आणि दंडही हवा. चूक आपली असेल तर गुपचूप भरावा.

पण चूक नसेल तर? मामलेदाराच्या कचेरीत उभ्या राहिलेल्या माणसाला निदान तोंड उघडायची संधी होती. समोरचा ऐको न ऐको. आपल्या हातात त्याहून चांगलं कोर्ट आहे, पुरावाही खिशातल्या फोनमध्ये आहे, आणि आपण ती संधी वेळ वाचवण्यासाठी स्वतःच सोडून देतो. पाचशे रुपये फार नाहीत हे कबूल. पण न केलेल्या गोष्टीची कबुली पाचशेला देणं मला तरी महागच वाटतं.

असो. या वीकांताला वेळ मिळाला तर आपल्या गाडीवरची जुनी चलनं एकदा उघडून बघा. भरण्याआधी.